वहिवाट : इंग्लंडच्या खडूच्या टेकड्या, जुनी रानं आणि सायकलची वाट



आजच्या विषयाचं नाव वाचून बाहेर दाराशीच एका काकांनी मला विचारलं, "अहो, माउंटन बाइक हा इतिहासाचा विषय कधीपासून झाला?" प्रश्न रास्त आहे. ही सायकल जेमतेम पन्नास वर्षांची. पण ती ज्या वाटेवरून जाते ती वाट काही ठिकाणी काही शतकांची, तर काही ठिकाणी त्याहून खूप जुनी आहे. मला आज बोलायचंय ते त्या वाटेबद्दल. एखादी वाट 'सगळ्यांची' कशी होते, कशी राहते आणि कशी हातची जाते, याबद्दल.

आपल्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे, वहिवाट. ज्या घरात शेताच्या बांधावरून एकदा तरी भांडण झालंय, त्या घरात हा शब्द लहान पोरालाही ठाऊक असतो. वर्षानुवर्षं वापरून मिळालेला हक्क म्हणजे वहिवाट. हा शब्द आज शेवटपर्यंत सोबत ठेवा, कारण गोष्ट इंग्लंडची असली तरी किल्ली हीच आहे.

थेम्सच्या दोन काठांवर

एक जागा डोळ्यांसमोर आणा. दक्षिण इंग्लंडमध्ये 'रिजवे' नावाचा एक राष्ट्रीय मार्ग आहे. एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत, सुमारे १४० किलोमीटर. अधिकृत मार्ग म्हणून तो १९७३ साली खुला झाला. साधारण मध्यावर तो थेम्स नदी ओलांडतो. पश्चिम काठावर स्ट्रीटली गाव, पूर्व काठावर गोरिंग.

तुम्ही पश्चिमेकडून सायकलवर निघालात तर स्ट्रीटलीपर्यंत बिनधास्त येता. रुंद पांढरी वाट, दोन्ही बाजूंना गवत, वर आभाळ. पूल ओलांडता. थोडं अंतर गेलं की खांबावरचा बाण बदलतो. तिकडे बाणांचे रंग ठरलेले आहेत. निळा बाण म्हणजे घोडेवाट, तिथे चालणारा, घोडेस्वार आणि सायकलस्वार तिघांनाही मुभा. पिवळा बाण म्हणजे पायवाट, फक्त चालणाऱ्यांसाठी. पूर्वेकडे, चिल्टर्न टेकड्यांमध्ये, रिजवेचा बराचसा भाग पिवळ्या बाणाचा आहे. तिथून सायकल चालवलीत तर कुणी तुरुंगात टाकत नाही, पण जमीनमालकाच्या दृष्टीनं तुम्ही अतिक्रमण करता.

टेकड्या त्याच, माती तीच, मार्गाचं नावही तेच. मग नदीच्या एका बाजूला हक्क आणि दुसऱ्या बाजूला अतिक्रमण, असं का? मी पहिल्यांदा तिथे भाड्याची सायकल घेऊन गेलो होतो, तेव्हा त्या पिवळ्या बाणाजवळ उतरून मला हाच प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर शोधायला आपल्याला बरंच मागं जावं लागेल. आधी दगडापर्यंत.

खडू

खडू म्हटलं की आपल्याला फळा आठवतो. शाळेतला खडू आता बहुतेक जिप्समचा असतो. इथे बोलतोय तो खरा खडू, म्हणजे मऊ, पांढरा चुनखडक. साधारण दहा कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उबदार समुद्राच्या तळाशी सूक्ष्म शैवालांची कवचं साचत गेली, त्यांचा हा खडक झाला. त्या भूयुगाचं क्रिटेशियस हे नावच खडूसाठीच्या लॅटिन शब्दावरून आलंय. गंमत अशी की त्या युगाच्या अगदी अखेरीला इकडे आपल्या दख्खनचा लाव्हा वाहत होता. म्हणजे आपला काळा पाषाण आणि त्यांचा पांढरा खडू एकाच कालखंडाच्या टोकाशी येऊन भेटतात.

खडूचे दोन गुण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचे. एक, तो पाणी धरून ठेवत नाही. पाऊस पडला की पाणी आत मुरतं आणि खाली पायथ्याशी झऱ्यांच्या रूपानं बाहेर पडतं. त्यामुळे दऱ्यांमध्ये चिखल असतानाही धारेवरची वाट तुलनेनं लवकर कोरडी होते. जुन्या काळी माणूस आणि जनावर धारेवरून का चालले, याचं हे साधं कारण. दुसरा गुण, या खडकात गारगोटीचे, म्हणजे फ्लिंटचे गोळे असतात. अश्मयुगात त्यांची हत्यारं झाली. आज त्यांच्या धारदार कडांनी सायकलच्या ट्यूब फाटतात. आणि पावसात ओल्या खडूवर चाक घातलं की टायरला पांढरी लापशी चिकटते, पकड म्हणून राहत नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. (हशा)

या टेकड्यांना तिकडे 'डाउन्स' म्हणतात. डाउन म्हणजे खाली असा अर्थ घेऊ नका, जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ टेकडी. साउथ डाउन्स, नॉर्थ डाउन्स, बर्कशायर डाउन्स आणि चिल्टर्न, हे सगळं खडूचंच कुटुंब.

आता रिजवेबद्दल 'ब्रिटनमधला सर्वांत जुना रस्ता, पाच हजार वर्षांचा' असं सर्रास लिहिलेलं सापडतं. वाटेवर तशा खुणाही आहेत. वेलँड्स स्मिदी हे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थळ वाटेच्या अगदी कडेला आहे. लोहयुगीन गढ्यांचे मातीचे तट आहेत. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यानं इथे जरा थांबावं. ओव्हर्टन डाउनवर पुरातत्त्वज्ञांना दिसलं की आजची वाट प्राचीन शेतांच्या बांधांवरून आडवी जाते. म्हणजे त्या ठिकाणी शेतं आधी, वाट नंतर. बहुधा असं झालं असावं की धारेवर एकच एक रस्ता नव्हता, तर पाचपन्नास समांतर वाटांची एक रुंद वेणी होती. एक भाग चिखलला की माणसं बाजूनं जायची. पुढे वेल्समधून आणि पश्चिमेकडून लंडनच्या बाजाराला गुरं हाकत नेणारे याच वाटेनं जात, कारण खालच्या रस्त्यांवर टोलनाके होते. अठराव्या शतकात शेतं बंदिस्त झाली, दोन्ही बाजूंना बांध आणि कुंपणं आली, आणि त्या वेणीची एक ठरलेली पट्टी झाली. आज आपण जी पाहतो ती ही पट्टी.

वाटेवरच अफिंग्टनचा पांढरा घोडा आहे. टेकडीच्या उतारावर चर खणून, त्यात खडू ठासून काढलेली सुमारे ११० मीटर लांबीची आकृती. १९९० च्या दशकातल्या तपासणीत तिचं वय साधारण तीन हजार वर्षं निघालं. या घोड्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दर काही वर्षांनी त्यावरचं गवत काढून नवा खडू ठोकला नाही, तर काही दशकांतच तो गवताखाली नाहीसा होईल. तो आज दिसतो याचा अर्थ, शंभरएक पिढ्यांत सलग कुणीतरी ते काम केलंय. राज्यं बदलली, धर्म बदलला, भाषा बदलली. घासण्याचं काम चालू राहिलं. वहिवाट म्हणजे हेच.

जुनं रान

आता झाडांकडे. चिल्टर्नच्या माथ्यावर खडूच्या वर एक थर आहे, चिकणमाती आणि गारगोट्या मिसळलेला. नांगराला वाईट. म्हणून तिथे शेती कमी झाली आणि रान टिकलं, मुख्यतः बीच वृक्षांचं.

इंग्लंडमध्ये 'प्राचीन वन' या शब्दाला एक ठरलेला अर्थ आहे. निदान सन १६०० पासून ज्या जमिनीवर सलग रान आहे, ते प्राचीन वन. हे वर्ष का? कारण त्याआधी मुद्दाम झाडं लावून जंगल उभं करण्याची पद्धत फारशी नव्हती. त्यामुळे १६०० साली रान असेल तर ते बहुधा त्याहून खूप जुनं. ऑलिव्हर रॅकम यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुने दस्त, नकाशे आणि झाडाखालची फुलं एकत्र वाचून हा विषय उभा केला. १९८० च्या दशकात अशा वनांची सूची सुरू झाली. आज संपूर्ण ब्रिटनच्या जमिनीपैकी सुमारे अडीच टक्के जमीन अशा वनाखाली आहे. नवं जंगल लावता येतं, पण चारशे वर्षं न हललेली माती पुन्हा करता येत नाही.

पण 'प्राचीन' म्हणजे माणसाचा हात न लागलेलं, असं अजिबात नाही. उलट, हे रान टिकलं ते वापरामुळे. झाड बुंध्याशी तोडायचं, मुळं जिवंत ठेवायची, नवे धुमारे फुटू द्यायचे, दहापंधरा वर्षांनी पुन्हा तोडायचं, ही एक रीत. दुसरी रीत, जनावरांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर फांद्या छाटत राहायच्या. कोकणात राबासाठी कवळ तोडतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. अ‍ॅशरिजजवळ फ्रिथ्सडेन इथे अशी शतकानुशतकं छाटलेली बीचची झाडं आजही उभी आहेत. वाकडीतिकडी, पोकळ, पण उभी.

या रानातून लंडनला सरपण जायचं, थेम्समार्गे होड्यांतून. एकोणिसाव्या शतकात हाय विकम हे गाव लाकडी खुर्च्यांसाठी प्रसिद्ध झालं. खुर्चीचे पाय रानातच, ओल्या बीचच्या लाकडातून, पायानं चालवायच्या साध्या खरादावर घडवले जात. ते घडवणाऱ्यांना 'बॉजर' म्हणत. तिथल्या फुटबॉल संघाला लोक अजूनही 'खुर्चीवाली पोरं' म्हणतात. हे ओंडके, हे पाय, हे सरपण गाड्यांवर लादून ज्या वाटांनी उतरवलं, त्या वाटा चाकांनी आणि पावसाच्या पाण्यानं खोल खोल गेल्या. काही ठिकाणी आज दोन्ही बाजूंचे काठ माणसाच्या डोक्यापेक्षा उंच आहेत, वर बीचच्या मुळांचं जाळं. आजचा सायकलस्वार जिथे उतारावर ब्रेक सोडून 'वा!' म्हणतो, ती मजेची घळ कुणाच्या तरी लाकडाच्या गाडीनं कोरलेली असते.

कुंपण तोडण्याची रात्र

अशा वापरावर घाला आला तो कुंपणानं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात संसदेच्या कायद्यांनी गावोगावची सामायिक जमीन खाजगी होत गेली. अशी सामायिक जमीन म्हणजे 'कॉमन'. आपल्या गायरानाशी तिचं नातं आहे, पण तंतोतंत तेच नाही. कॉमनची मालकी जमीनदाराची असायची, आणि तिथे गुरं चारण्याचा, झुडपं आणि नेचे कापण्याचा हक्क ठरावीक रहिवाशांचा.

चिल्टर्नमध्ये बर्कमस्टेड नावाचं गाव आहे. तिथलं कॉमन अ‍ॅशरिजच्या जहागिरीला लागून. १८६६ च्या फेब्रुवारीत जहागीरदार लॉर्ड ब्राउनलो यांच्या वतीनं त्या कॉमनवर पाच फूट उंचीचं लोखंडी कुंपण उभं राहिलं, चारशेहून अधिक एकर जमीन आत घेऊन. गावातलेच एक जमीनदार आणि माजी खासदार ऑगस्टस स्मिथ हेही त्या कॉमनवरचे हक्कदार होते. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये सामायिक जमिनी वाचवण्यासाठी एक संस्था निघाली होती, कॉमन्स प्रिझर्व्हेशन सोसायटी. स्मिथ यांनी तिच्या मदतीनं बेत आखला.

६ मार्च १८६६ च्या रात्री लंडनच्या यूस्टन स्थानकातून एक खास गाडी सुटली. आत सव्वाशेच्या आसपास मजूर, पहारी आणि हातोड्या घेऊन. मध्यरात्रीनंतर ते ट्रिंगला उतरले आणि चालत कॉमनवर गेले. सकाळ होईपर्यंत सगळं कुंपण उपटून, गजांच्या नीट राशी करून ठेवलं होतं. तोडफोड नव्हे, उपटून बाजूला ठेवणं. हा फरक कायद्याच्या दृष्टीनं महत्त्वाचा होता, कारण ज्याचा हक्क अडवला गेलाय तो अडथळा दूर करू शकतो, पण मालाचं नुकसान करू शकत नाही. उजाडल्यावर गावकरी आले. आपला हक्क शाबूत आहे हे दाखवायला काहींनी काटेरी झुडपाची एकेक फांदी तोडून घरी नेली.

खटला चालला. १८७० मध्ये लॉर्ड रोमिली यांनी स्मिथ यांच्या बाजूनं निकाल दिला. कुंपण पुन्हा उभं राहिलं नाही. १९२६ पासून अ‍ॅशरिजची ही जमीन नॅशनल ट्रस्टकडे येत गेली. आज तिथे जे सायकलस्वार घोडेवाटांवरून फिरतात, त्यांच्या चाकाखालच्या जमिनीवर ती एक रात्र आहे.

एक खुलासा मात्र हवा. स्मिथ यांनी जिंकला तो चराईचा आणि झुडपं कापण्याचा हक्क. 'फिरायला जाण्याचा' हक्क नव्हे. पण गरिबाच्या शेळीसाठी जे मोकळं राहिलं, ते पुढे शहरी माणसाच्या फिरण्यासाठीही मोकळं राहिलं.

इथे एक मिनिट आपल्याकडे येतो, कारण तारखा फार जवळ आहेत. १८७० ला इंग्लंडमधलं न्यायालय म्हणतं, वापरातून आलेला हक्क मालकाच्या कुंपणापेक्षा मोठा. आणि १८७८ ला त्याच साम्राज्याचा भारतीय वन कायदा येतो. बेडन-पॉवेल या वन अधिकाऱ्याचं म्हणणं होतं की इथल्या रयतेचा रानातला वापर हा हक्क नव्हेच, ती सरकारनं दिलेली सवलत. पुणे सार्वजनिक सभेनं या कायद्याला विरोध केला. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये डोंगर आणि गायरानं वनखात्यानं घशात घातल्याचं लिहिलं. म्हणजे एकाच राजवटीत तिकडच्या वहिवाटीला न्यायालय मिळालं आणि इकडच्या वहिवाटीला राखीव जंगलाची हद्द. २००६ च्या वनहक्क कायद्यात तो अन्याय मान्य झाला, आणि २००९ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला. मधली सव्वाशे वर्षं मात्र गेली ती गेली. असो, परत चिल्टर्नला.

नकाशा कोण लिहितो?

वीस वर्षं हा आकडा लक्षात घ्या. १९३२ साली इंग्लंडमध्ये एक कायदा झाला: लोकांनी एखादी वाट वीस वर्षं हक्कानं, अडथळ्याविना वापरली असेल तर मालकानं ती लोकांना दिली आहे असं मानायचं. आपल्या १८८२ च्या वहिवाट हक्कांच्या कायद्यातही खाजगी वाटेसाठी वीसच वर्षं आहेत, दोन्हींचं मूळ एकाच इंग्रजी कायद्याच्या परंपरेत. त्याच १९३२ च्या एप्रिलमध्ये उत्तरेकडे डर्बीशायरमधल्या किंडर स्काउट पठारावर कामगार तरुणांनी बंदी मोडून चढाई केली. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन रेल्वे स्थानकावरचे पोलीस चुकवून सायकलवरून आला होता. त्याला आणि इतर चौघांना तुरुंगवास झाला.

युद्धानंतर, १९४९ च्या कायद्यानं ठरलं की प्रत्येक परगण्यानं आपल्या सगळ्या सार्वजनिक वाटांचा एक अधिकृत नकाशा करायचा. त्याला 'डेफिनिटिव्ह मॅप' म्हणतात. त्यावर जे आहे ते कायद्यानं आहे. प्राथमिक पाहणी बहुतेक ठिकाणी गावच्या पॅरिश कौन्सिलांकडे, म्हणजे ग्रामपंचायतींकडेच समजा, सोपवली गेली. गावातली माणसं नकाशे घेऊन हिंडली आणि प्रत्येक वाटेपुढे लिहीत गेली: ही पायवाट, ही घोडेवाट, ही गाडीवाट.

आता विचार करा, १९५० च्या सुमाराला घोड्यागाडीचे दिवस संपले होते. एखाद्या जुन्या गाडीवाटेवरून त्या वर्षी कुणी गाडी नेत नव्हतं, शाळेत जाणारी पोरं तेवढी चालत. लिहिणाऱ्यानं लिहिलं, पायवाट. शेजारच्या पॅरिशमधल्या माणसाला आपल्या आजोबांची गाडी आठवत होती. त्यानं लिहिलं, घोडेवाट किंवा गाडीवाट. त्यामुळे आजही इंग्लंडच्या नकाशावर एकच सरळ वाट शिवेवर आली की दर्जा बदलते. काही पॅरिशमध्ये कौन्सिलवर मोठे शेतकरी बसलेले होते, आणि आपल्याच जमिनीतून घोड्यांची वाट नोंदवायला कोण उत्साही असणार? हे आपल्याला काही शिकवायला नको. (हशा)

त्या वेळी या फरकाचं सायकलशी काहीच नातं नव्हतं. सायकलची कायद्यातली कहाणी वेगळीच आहे. १८७९ मध्ये एका खटल्यात न्यायालयानं ठरवलं की सायकल म्हणजे 'गाडी', बेफाम गाडी हाकल्याचा दंड सायकलवाल्यालाही लागू. १८८८ च्या कायद्यानं ते पक्कं केलं. सायकलवाल्यांना आनंद झाला, कारण गाडी म्हटल्यावर रस्त्यावर गाडीचे सगळे हक्क मिळाले. पण गाडी म्हटल्यावर घोडेवाटेवरचा हक्क गेला, कारण घोडेवाटेवर गाडीला मज्जाव. हौशी लोक तरीही जात होतेच. १९५५ मध्ये लेमिन्स्टर इथे 'रफ स्टफ फेलोशिप' नावाचा मेळा निघाला, साध्याच सायकली घेऊन डोंगरवाटांनी जाणाऱ्यांचा.

मग आला १९६८ चा ग्रामीण भागाबद्दलचा कायदा. त्याच्या तिसाव्या कलमानं सायकलींना घोडेवाटेवर जाण्याची मुभा दिली. अट एवढीच की चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. ध्यानात घ्या, वर्ष १९६८. कॅलिफोर्नियात टेकडीवरून जुन्या सायकली सोडण्याचा खेळ १९७० च्या दशकातला, कारखान्यातून मोठ्या संख्येनं निघालेली माउंटन बाइक १९८१ ची. म्हणजे ज्या यंत्रासाठी ही मुभा आज जीव की प्राण आहे, ते यंत्र कायदा करणाऱ्यांनी पाहिलेलंच नव्हतं.

आता गोरिंगच्या पुलावर परत या. पश्चिमेची रिजवे ही गुराख्यांची रुंद वाट होती, तिची आठवण आणि तिची रुंदी दोन्ही टिकली, म्हणून नोंदही वरच्या दर्जाची झाली. पूर्वेचा राष्ट्रीय मार्ग मात्र चालणाऱ्यांसाठी अनेक निरनिराळ्या वाटा जोडून बांधला, आणि त्यांतल्या बऱ्याच नोंदीत पायवाटा होत्या. तुमची सायकल तिथे अडते ती गारगोटीवर किंवा मुळांवर नव्हे, सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी भरलेल्या एका रकान्यावर. आज इंग्लंडमधल्या सार्वजनिक वाटांपैकी पाचांतली जेमतेम एक सायकलला खुली आहे. दक्षिणेकडचा साउथ डाउन्स वे, विंचेस्टर ते ईस्टबर्न, सुमारे १६० किलोमीटर, तो मात्र मुळातूनच घोडेवाट म्हणून आखला. म्हणून खडूवर लांब पल्ला मारायचा असेल तर सायकलवाले तिकडे जातात.

ना जोरानं, ना चोरून, ना परवानगीनं

शेवटचा मुद्दा, आणि तो जरा अवघड आहे.

गेल्या काही वर्षांत दक्षिण इंग्लंडच्या रानांत एक नवी गोष्ट दिसते. तरुण मुलं फावडी घेऊन जातात आणि स्वतःच उड्यांचे उंचवटे, वळणं, उतार खणतात. मला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे. पाचांतल्या चार वाटा बंद, त्यात उताराच्या मजेच्या तर फारच थोड्या. शिवाय त्यांचं म्हणणं असं की सगळ्या जुन्या वाटा अशाच तर पडल्या, कुणी परवानगी घेतली होती? इतिहास त्यांच्या बाजूचा आहे असं वरवर वाटतं.

पण वहिवाटीच्या कायद्यात रोमन काळापासून तीन अटी आहेत. वापर जोरानं नसावा, चोरून नसावा आणि परवानगीनं नसावा. आपल्या कायद्यातही शांतपणे, उघडपणे आणि हक्क म्हणून हेच शब्द आहेत. रात्री खणलेली वाट चोरून वापरलेली ठरते. उलट, वनखात्यानं किंवा एखाद्या कंट्री पार्कनं सायकलसाठी मुद्दाम आखून दिलेली वाट परवानगीची. पीटर्सफील्डजवळच्या क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्कात अशा वाटा आहेत, सुरेख आहेत, पण तिथे शंभर वर्षं चाक फिरवलंत तरी हक्क तयार होत नाही. परवानगी देणारा ती मागेही घेऊ शकतो.

आणि दुसरी बाजू रानाची. प्राचीन वनाचं मोल झाडांहून जास्त मातीत आहे. ब्लूबेल आणि वुड अ‍ॅनिमोनसारखी फुलं नव्या जमिनीत फार हळू पसरतात, तुडवली आणि खणली की त्या जागी लवकर परतत नाहीत. काही ठिकाणी उडीसाठी निवडलेला उंचवटा हा कांस्ययुगातल्या माणसाचं थडगं किंवा लोहयुगीन तट निघतो. बॉजरनं रान वापरलं, पण त्याला दहा वर्षांनी तिथेच परत यायचं होतं. रविवारी येऊन खणणाऱ्याला ते बंधन नाही. माझ्या मते वहिवाटीत हक्काइतकंच हे परत येणं महत्त्वाचं आहे.

दरम्यान, नकाशाचं काम अजून संपलेलं नाही. २००० च्या कायद्यानं म्हटलं होतं की १९४९ पूर्वीच्या विसरलेल्या वाटा २०२६ च्या आत नोंदवा, नाहीतर हक्क गेला. 'रॅम्ब्लर्स' या चालणाऱ्यांच्या संस्थेनं २०२० मध्ये हजारो स्वयंसेवकांना जुने आणि नवे नकाशे घरबसल्या ताडून पाहायला लावलं. नोंदीतून सुटलेल्या असाव्यात अशा ४९,००० मैल वाटा निघाल्या. पुढे मुदत २०३१ पर्यंत वाढवली, आणि २०२४ च्या अखेरीस सरकारनं ती मुदतच रद्द करण्याचा इरादा जाहीर केला. यात सायकलवाल्यांचंही हित आहे, कारण 'पायवाट' म्हणून लिहिलेली एखादी वाट जुन्या दस्तात गाडीवाट निघाली, तर तिचा दर्जा वाढू शकतो. त्यामुळे आज तिकडे काही माउंटन बाइकवाले शनिवारी अभिलेखागारात बसून १८३० ची कुंपण-निवाड्याची कागदपत्रं वाचतात. मला हे दृश्य फार आवडतं. चिखलाचे बूट बाहेर ठेवून.

स्कॉटलंडनं २००३ मध्ये हा सगळा गुंता बाजूला सारला. तिथे जबाबदारीनं वागत असाल तर बहुतेक सगळ्या जमिनीवर चालायला आणि सायकल चालवायला हक्क आहे. इंग्लंडमध्ये तसं व्हावं असं म्हणणारे आहेत, नको म्हणणारेही आहेत. तो वाद चालू आहे.

माझं बोलणं इथे थांबवतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : रानाचं नुकसान घोडा जास्त करतो की सायकल? मग घोड्याला मान आणि सायकलला उपकार, असं का?*

ओल्या मातीवर दोघंही नुकसान करतात. टाच रुतते, चाक चर पाडतं. पण कायद्यानं हे नुकसान मोजून ठरवलेलंच नाही. घोडा आधी आला, त्याचा वापर नोंदला गेला. सायकल घोड्याच्या पुण्याईवर त्या वाटेवर आहे. म्हणून घोडा दिसला की बाजूला थांबणं हा शिष्टाचार आहेच, शिवाय १९६८ च्या कायद्याची अट आहे.

*प्रश्न : आपल्या गावात पाणंद होती, आता दोन्ही शेतकऱ्यांनी नांगरली. आमच्या आजीला ती आठवते. काही करता येतं का?*

हा खरा प्रश्न. गावनकाशा काढा, जुन्या पाणंदी आणि शिवरस्ते त्यावर तुटक रेषांनी दाखवलेले असतात. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आणि त्याआधी एक काम करा. आजीला घेऊन त्या वाटेनं एकदा चाला. ती कुठे वळायची, कुठलं झाड होतं, कुणाची बैलगाडी जायची, ते सगळं तारखेसह लिहून घ्या आणि तिची सही घ्या. बर्कमस्टेड असो की तुमचं गाव, शेवटी प्रश्न एवढाच विचारला जातो की इथून कोण जात होतं. सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या.